‘इमिजिएटली हिज ड्रेसिंग इज डन’: एका चिठ्ठीचं पूर्ण प्रकरण

चिठ्ठीतलं वाक्य असं होतं: ‘इमिजिएटली हिज ड्रेसिंग इज डन रिंग द डॉटर शीज वेटिंग’. हातानं लिहिलेलं, मध्ये कुठंही स्वल्पविराम नाही, शेवटी टिंबही नाही. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरमधल्या एका केअर होममध्ये रात्रपाळीच्या सीनियर बाईंनी सकाळपाळीसाठी ती चिठ्ठी ठेवली होती, आणि सकाळपाळीला होती माझी एक जुनी विद्यार्थिनी, सांगलीकडची. इथं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून काही वर्षं हॉस्पिटलात काम केलेली, तिकडं सध्या सीनियर केअरर म्हणून आहे आणि नर्स म्हणून रजिस्ट्रेशनची तयारी चालू आहे. मी ओईटीसाठी इंग्रजी शिकवते, म्हणजे परदेशी जाणाऱ्या नर्सेसची जी इंग्रजीची परीक्षा असते ती, आणि ही मुलगी माझ्या चांगल्या विद्यार्थ्यांपैकी, पहिल्याच झटक्यात पास झालेली. हे आधीच सांगते कारण इंग्रजी कच्चं होतं म्हणून असं झालं असं कुणी म्हणू नये. तसं अजिबात नाहीये.

झालं काय तर आजोबांच्या पायाला जुनी जखम, त्यावर कॉम्प्रेशन बँडेज. अशा होममध्ये जखमेचं काम होमचे केअरर करत नाहीत, एनएचएसची, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेची, डिस्ट्रिक्ट नर्स येऊन करून जाते, आणि ती कधी येईल त्याला नेमकी वेळ नसते, सकाळी म्हणजे आठपासून बारापर्यंत कधीही. त्या दिवशी आजोबांची मुलगी त्यांना बाहेर घेऊन जाणार होती, ऑफिसातून सुट्टी काढून. तर चिठ्ठीचा अर्थ होता की ड्रेसिंग झालं की लगेच मुलीला फोन करा, ती वाट बघतेय. आमच्या हिनं वाचलं ते असं: ड्रेसिंग ताबडतोब केलेलं आहे, मुलीला फोन करा, ती वाट बघतेय. आत जाऊन बघितलं तर आजोबांच्या पायाला बँडेज आहेच (ते आधीचं होतं, पण बँडेज बघून काल केलंय का आत्ता केलंय ते कसं कळणार), म्हणजे सगळं जुळलंच, आणि तिनं सव्वाआठला फोन लावला. मुलगी लगोलग आली, आजोबांना कोट चढवला, बूट घातले, आणि दारात निघताना कुणीतरी म्हणालं की अहो डिस्ट्रिक्ट नर्स अजून यायचीय. मग परत बूट काढले, परत खुर्चीत बसवलं, नर्स आली अकराच्या आसपास, तोवर आजोबा थकले आणि बाहेर जायचं राहूनच गेलं. मुलगी चिडली, आणि तिचं चिडणं मला तरी रास्तच वाटतं. मॅनेजरनं हिला विचारलं, चिठ्ठी तर स्पष्ट होती ना?

संध्याकाळी तिचा मेसेज आला. ‘मॅडम हे वाक्य बघा ना, ह्यात मी काय चुकीचं वाचलं, मला अजूनही तेच दिसतंय.’ आजोबांचं नाव, होमचं नाव काही न टाकता नुसतं वाक्य टाईप करून पाठवलं होतं.

‘मला अजूनही तेच दिसतंय’ हे मला फार महत्त्वाचं वाटलं. घाईत चुकीचं वाचलं असतं तर दुसऱ्यांदा बघितल्यावर लक्षात आलं असतं. इथं दहा वेळा वाचूनही वाक्य तेच सांगत होतं, म्हणजे नजर नीट होती, वाक्य ज्या नियमानं बांधलंय तो नियमच तिच्याकडं नव्हता. आणि का नव्हता ते शोधायला गेलं की आपल्या शाळेतल्या व्याकरणापर्यंत मागं जावं लागतं.

आपण शिकतो की ‘एलवाय’ लागलेला शब्द म्हणजे क्रियाविशेषण, तो क्रिया कशी झाली ते सांगतो, स्लोली, क्विकली, इमिजिएटली. आणि दोन वाक्यं जोडायची तर त्याला वेगळे शब्द असतात, व्हेन, बिकॉज, इफ, आफ्टर, मराठीच्या तासाला ज्यांना गौणत्वसूचक उभयान्वयी अव्यय म्हणायचो ते. दोन डबे, दोन वेगवेगळी झाकणं. आता बोलीतल्या इंग्रजीत, खास करून ब्रिटिश इंग्रजीत, पहिल्या डब्यातले काही शब्द सरळ दुसऱ्या डब्याचं काम करतात, आणि करताना रूप तसूभरही बदलत नाहीत, आणि हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नसतं. ‘इमिजिएटली आय सॉ हिम आय न्यू’ म्हणजे ‘त्याला बघताक्षणीच मला कळलं’. ‘डायरेक्टली’चंही तसंच, ‘डायरेक्टली शीज हॅड हर टी’ म्हणजे ‘तिचं जेवण झाल्याबरोबर’ (उत्तर इंग्लंडात ‘टी’ म्हणजे संध्याकाळचं जेवण, नुसता चहा नाही, हीसुद्धा तिकडं गेल्यावरच कळणारी गोष्ट). डायरेक्टली आता जरा जुनं वाटतं, एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश लिखाणात ते भरपूर सापडतं, आज ते मोठ्या वयाच्या लोकांच्या तोंडी जास्त. पण केअर होममध्ये सगळे मोठ्या वयाचेच लोक की. इमिजिएटली मात्र आजही चालू आहे, लिहिण्यातही आणि बोलण्यातही, आणि कधीकधी मागं ‘दॅट’ लावून ‘इमिजिएटली दॅट’ असंही येतं. अमेरिकन लोक असं बोलत नाहीत, ते ‘ॲज सून ॲज’, ‘द मिनिट’, ‘द सेकंड’ म्हणतात. हिच्याच पाळीतल्या एका फिलिपिनो सहकारणीला हिनं तीच चिठ्ठी दाखवली तर तीही अडखळली, आणि ते बरोबरच आहे, फिलिपिन्समध्ये 1898 पासून 1946 पर्यंत अमेरिकेचा अंमल होता, शाळांत इंग्रजी आलं ते अमेरिकन वळणाचं, तिच्या कानावर हे कधी पडलेलंच नसणार.

आता खरी गंमत मराठीत आहे, आणि ह्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त वेळ तिथंच घालवावासा वाटतो. आपण काय म्हणू? ‘त्यांचं ड्रेसिंग झालं की लगेच मुलीला फोन कर.’ बघा ‘लगेच’ कुठं आहे. ते फोन करण्याच्या बाजूला आहे, कारण घाई फोनची आहे, ड्रेसिंगची नाही. जोडायचं काम ‘की’ करतोय, घाईचं काम ‘लगेच’ करतंय, दोघांची कामं वेगळी आणि जागाही वेगळ्या. नाहीतर ‘ड्रेसिंग झाल्याबरोबर’, ‘ड्रेसिंग होताच’, ‘ड्रेसिंग झाल्या झाल्या’, ‘ड्रेसिंग झालं रे झालं की’, आपल्याकडं ह्या एका गोष्टीसाठी इतके प्रकार आहेत की मोजत बसावं, आणि त्या प्रत्येकात जोड क्रियापदाच्या मागं लागलेली असते, वाक्याच्या सुरुवातीला कधीच नाही. इंग्रजीत त्या एका शब्दानं दोन्ही कामं उचलली आणि तो जाऊन बसला सगळ्यात पुढं, ड्रेसिंगच्या शेजारी. म्हणजे अर्थानं तो फोनचा, पण बसलाय ड्रेसिंगच्या घरात. मराठी माणूस ‘लगेच’ ज्याच्या शेजारी दिसेल त्याचं समजतो, त्यामुळे हिनं ‘ड्रेसिंग लगेच झालं’ असं वाचलं त्यात नवल काहीच नाही, मराठीत ‘लगेच त्यांचं ड्रेसिंग झालं’ असं वाक्य आलं तर त्याचा दुसरा अर्थ निघतच नाही.

हे मी नुसतं तर्कानं म्हणत नाहीये. त्याच रात्री मी तिला दुसरं वाक्य पाठवलं, ‘वन्स हीज अप गिव्ह हिम हिज टॅब्लेट्स’. तिनं क्षणात सांगितलं, एकदा का ते उठले की गोळ्या द्या. वन्स हेही मुळात क्रियाविशेषणच आहे, जुन्या इंग्रजीत ‘एक’ ह्या अर्थाच्या शब्दापासून तयार झालेलं, आणि तेही जोडशब्दाचं काम करतंय, बांधणी अगदी चिठ्ठीसारखीच, स्वल्पविरामही नाही. मग ते कसं कळलं? कारण मराठीत ‘एकदा का... की’ आहे! एकदा हा शब्द आपणही तसाच पुढं आणून बसवतो. मग मी ‘नाउ’चं दिलं, ‘नाउ हीज ईटिंग अगेन वी कॅन स्टॉप द शेक्स’ (शेक्स म्हणजे जेवण कमी झालं की देतात ती पोषक पेयं). तिथं ती जरा थांबली, मग म्हणाली, आता ते जेवायला लागलेत म्हटल्यावर शेक बंद करता येतील. बरोबर. ‘आता... म्हटल्यावर’ आपल्याकडं आहे. म्हणजे जिथं मराठीत पुढं बसणारा जोडीदार आहे तिथं वाट सापडते, जिथं नाही तिथं माणूस शब्दाचा शाळेतला अर्थ धरतो. माझ्या मते ह्या प्रकरणाचं निदान ते हेच.

चिठ्ठीत आणखी दोन गोष्टी तिच्या विरुद्ध गेल्या. एक, ‘इज डन’. इंग्रजीत पुढं होणारी गोष्ट वेळेच्या गौण वाक्यात आली की तिथं ‘विल’ येत नाही, वर्तमानकाळच येतो, ‘व्हेन आय रीच’, ‘ॲज सून ॲज इट्स डन’. हा नियम तिला पाठ होता, परीक्षेत ‘व्हेन आय विल रीच’ असं ती कधीच लिहायची नाही. पण नियम लागू करायला आधी कळायला पाहिजे ना की समोर गौण वाक्य आहे, आणि तेच कळलेलं नसल्यामुळं ‘इज डन’ म्हणजे ‘झालेलं आहे’ हे तिनं सरळ घेतलं. दुसरी गोष्ट स्वल्पविराम. ‘डन’नंतर नुसता एक स्वल्पविराम असता तर थोडं तरी अडलं असतं. आणि ‘इमिजिएटली’नंतर स्वल्पविराम असता तर मात्र अर्थ खरंच उलटला असता, ‘इमिजिएटली, हिज ड्रेसिंग इज डन’ म्हणजे कुणीतरी सांगतंय की लगेच ड्रेसिंग केलं जातंय. एवढ्याशा खुणेवर सगळं उभं आहे आणि चिठ्ठीत ती कुठल्याच जागी नव्हती. बोलताना हा प्रश्न कमी येतो, कारण ब्रिटिश माणूस ते वाक्य बोलेल तेव्हा इमिजिएटलीनंतर थांबणारच नाही, एका श्वासात ‘डन’पर्यंत जाईल आणि तिथं आवाज जरा वर ठेवून थांबेल. त्या सीनियर बाईंनी चिठ्ठी लिहिताना तो थांबा मनात ऐकलेला असणार, म्हणून त्यांना ती स्पष्ट वाटली, आणि त्यांच्या बाजूनं ती होतीच स्पष्ट.

मग तिला मी काय सांगितलं? शब्दांच्या याद्या द्यायचं टाळलं. याद्या पाठ होतात आणि वॉर्डात गेल्यावर उपयोगी पडत नाहीत. मी म्हटलं, अगं क्रियापदं शोध, जी काळ दाखवतात किंवा हुकूम देतात ती. ‘इज’ सापडलं, ‘रिंग’ सापडलं, शेवटी ‘शीज’मधलं ‘इज’. शेवटचा तुकडा तोडून बाजूला ठेव, ते नुसतं कारण आहे. आता ‘इज डन’ आणि ‘रिंग’ ही दोन एकामागं एक आली आणि मध्ये ना ‘अँड’, ना टिंब, ना ‘व्हेन’. मग ह्या दोघांना एकत्र कोण धरतंय? कुणीतरी धरत असणारच. मध्ये कुणी नाही म्हणजे तो पुढं उभा असणार, आणि पुढं एकच शब्द आहे. तिला ते लगेच दिसलं आणि म्हणाली, मॅडम मग तो इमिजिएटली म्हणजे व्हेनच झाला की! झालाच. व्हेन अधिक लगेच. तिचा आक्षेपही आला, की टिंबच नसेल तर ती दोन सुटी वाक्यं पण असू शकतात, मी वाचली तशी. हा आक्षेप शंभर टक्के खरा आहे, चिठ्ठ्यांत लोक टिंबं देत नाहीतच. म्हणून दुसरी कसोटी पण लागते, ती अर्थाची: झालेल्या कामाबद्दल ‘ताबडतोब’ कोण कशाला लिहील? ड्रेसिंग झालेलं असतं तर चिठ्ठीत ‘ड्रेसिंग डन’ एवढंच आलं असतं. इमिजिएटली हा शब्द पुढच्या कामाची घाई सांगायलाच येतो, आणि चिठ्ठीत पुढचं काम एकच, फोन.

एकाच शब्दानं दोन कामं करणं विचित्र आहे, असंही ती म्हणाली, त्यावर मला तिला जुन्या इंग्रजीची गोष्ट सांगायचा मोह आवरला नाही, आणि इथंही आवरत नाही. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘था’ असा एक शब्द होता, आजच्या ‘थिंग’मधल्या थ-नं म्हणायचा. त्याचा अर्थ ‘तेव्हा’ पण होता आणि ‘जेव्हा’ पण! ‘था... था...’ अशी जोडी यायची, अगदी आपल्या ‘जेव्हा... तेव्हा’सारखी, फक्त आपण ज आणि त नं दोन्ही बाजू वेगळ्या दाखवतो, त्यांच्याकडं दोन्हीकडं तोच शब्द. मग ऐकणाऱ्याला कळायचं कसं? क्रियापदाच्या जागेवरून. ‘था कोम हे’, म्हणजे क्रियापद लगेच पुढं आलं, की ‘तेव्हा तो आला’. ‘था हे कोम’, क्रियापद मागं गेलं, की ‘जेव्हा तो आला’. गद्यात बहुतेक ठिकाणी हे असंच चालायचं. पुढं इंग्रजीतली शब्दांची जागा पक्की होत गेली आणि ती खूण गेली, पण क्रियाविशेषणानं वाक्य जोडायची सवय काही गेली नाही. ‘नाउ’ सुद्धा तेव्हापासून हे काम करतंय. म्हणजे इमिजिएटली काही कुणी चुकून वापरलेलं नाही, ती त्या भाषेची फार जुनी चाल आहे, नवे शब्द येत राहतात आणि त्याच वाटेनं जातात. व्याकरणवाले पण ह्यावर एकमताचे नाहीत बरं का, 2002 साली आलेल्या केंब्रिजच्या मोठ्या इंग्रजी व्याकरणात तर ‘आफ्टर’, ‘बिफोर’सारख्या शब्दांना उभयान्वयी म्हणायचंच सोडून दिलंय, वाक्य पोटात घेणारे प्रीपोझिशन म्हटलंय. मला ते पटतं, पण वॉर्डात त्यानं काही अडत नाही, म्हणून तिकडं जास्त जात नाही.

त्या जुन्या खुणेचा एक तुकडा मात्र आजही शिल्लक आहे आणि तो कामाचा आहे. ‘ओन्ली’ पुढं आलं की. ‘ओन्ली व्हेन द नर्स हॅज सीन इट डू वी चेंज द क्रीम’, नर्सनं बघितल्यावरच आपण क्रीम बदलतो, त्याआधी नाही. इथं ‘वी डू’चं ‘डू वी’ होतं, आणि ते ‘डू वी’ आलं की समजायचं की प्रधान वाक्य इथून सुरू झालं, गौण वाक्य संपलं. स्वल्पविराम नसला तरी चालतं. तिला हे फार आवडलं कारण ही खूण डोळ्यांना दिसते, अंदाज करावा लागत नाही. तरी ओन्लीचा अर्थ पकडायला वेळ लागला, कारण ‘ओन्ली इफ ही आस्क्स’ आणि ‘इफ ओन्ली ही आस्क्ड’ ह्यात शब्द सारखे आणि अर्थाला जमीन-अस्मानाचा फरक, पहिल्यात ‘त्यांनी मागितलं तरच’, दुसऱ्यात ‘त्यांनी मागितलं तर किती बरं होईल’.

पुढच्या काही दिवसांत ती होममधली खरी वाक्यं जमवून पाठवत राहिली, नावं काढून. सोपी पटकन सुटली: ‘राइट आफ्टर’, ‘जस्ट बिफोर’, ‘एव्हर सिन्स ही फेल’, ह्यात क्रियाविशेषण नुसतं जोडशब्दाच्या पुढं उभं राहून त्याला घट्ट करतं, जोडणारा शब्द जागेवर असतो. ‘ईव्हन इफ ही रिफ्यूजेस ऑफर इट अगेन’, नाही म्हणाले तरीसुद्धा परत द्या, तेही जमलं, आपला ‘तरी’ तिथं बरोबर बसतो. अवघड निघालं ते ‘जस्ट बिकॉज ही सेज हीज नॉट हंग्री डझंट मीन ही इझंट’. इथं क्रियापदं मोजायला गेली तर ‘सेज’, ‘इज’, ‘डझंट मीन’ आणि शेवटचं ‘इझंट’, म्हणजे चार, आणि ‘डझंट मीन’चा कर्ता कोण ते सापडेना. कर्ता आहे आख्खं ‘जस्ट बिकॉज’वालं वाक्य! पुस्तकी व्याकरणाला ही बांधणी चालत नाही, पण ब्रिटन-अमेरिका दोन्हीकडं लोक दिवसातून कितीदा तरी असं बोलतात. मी तिला म्हटलं, मराठीत म्हण बघू. म्हणाली, ‘भूक नाही म्हणाले म्हणून काही त्यांना भूक नसते असं नाही.’ मला वाटतं ह्याहून चांगलं भाषांतर कुणी करून दाखवावं. आपला ‘म्हणून काही’ म्हणजेच त्यांचा ‘जस्ट बिकॉज’, आणि केअरच्या कामात ह्या वाक्याचं वजन फार आहे, कारण डिमेन्शिया असलेलं माणूस नको म्हणतं आणि ताट परत जातं, तेव्हा हे वाक्य कळलेला केअरर थोड्या वेळानं परत ताट घेऊन जातो.

होममध्येही ह्यावर बोलणं झालं. तिनं सीनियर बाईंना स्वतःच जाऊन सांगितलं की मला तुमचं वाक्य असं वाचता आलं, आणि फिलिपिनो मुलीला पण. बाई आधी गोंधळल्या, त्यांच्या दृष्टीनं ते वाक्य ‘दार उघडं आहे’ इतकं साधं होतं, पण मग स्वतःच मोठ्यानं वाचून बघितलं आणि म्हणाल्या, हो गं, कागदावर खरंच तसं दिसतंय. आता वेळेशी बांधलेलं काम असेल तर चिठ्ठीत क्रमानं लिहितात, आधी ड्रेसिंग, मग फोन, दोन ओळी, दोन टिंबं. आणि हिनं तिच्या बाजूनं सवय लावून घेतली की चिठ्ठी वाचली की समोरच्याला उलट सांगायची, ‘सो ड्रेसिंग फर्स्ट, देन आय रिंग?’ सीनियर बाई रात्रपाळी संपवून जॅकेट घालत असतात तेवढ्यात हे होऊन जातं.

ओईटीच्या बॅचला मी आता हेच वाक्य देते, स्वल्पविरामाशिवाय, आणि अर्थ मराठीत लिहायला सांगते. निम्म्याहून जास्त जण अजूनही ‘ड्रेसिंग लगेच झालं’ असंच लिहितात, त्यात चांगले मार्क मिळवणारेही असतात, आणि जे बरोबर लिहितात त्यांना कसं कळलं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर एकच येतं, की ‘रिंग’ वाचल्यावर अडलो आणि परत पहिल्यापासून वाचलं.